धबधबा आणि ट्यूब एकाच दिवशी? कोकणातल्या जोड-सहलीचा हिशेब

धबधब्यात दोरावर उतरायचं तर पाणी ओसरलेलं हवं. ट्यूबमध्ये बसून वाहायचं तर नदीला ओढ हवी. एकाच दिवसात दोन्ही देणाऱ्या सहली आता कोकणात बऱ्याच निघतात, पण बुकिंगआधी हे कोडं सोडवावं लागतं.

आधी शब्दांचा घोळ. जाहिरातीत 'वॉटरफॉल क्लाइंबिंग' लिहिलेलं असलं तरी कोकणात बहुतेक वेळा ते रॅपलिंग असतं, म्हणजे दोराने वरून खाली उतरणं. क्वचित काही ठिकाणी वहाळातून (ओढ्यातून) दगड धरत, कोंड (खोल डोह) ओलांडत वर चढवतात. दोन्हींत फरक मोठा आहे. उतरताना वजन दोरावर असतं, चढताना तुमच्या बोटांवर आणि तळव्यांवर. 'चढणार की उतरणार, आणि चढताना दोर असणार का' एवढं फोनवर विचारलं तरी समोरचा किती पाण्यात आहे ते कळतं.

पाण्याचं कॅलेंडर

मोसमी पाऊस मुंबईत सरासरी 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. जून ते ऑगस्ट धबधबे फोटोला छान असतात, दोराला नाही. याच काळात रायगडसारख्या जिल्ह्यात प्रशासन बऱ्याच धबधब्यांवर जमावबंदी लावतं. भिऱ्याजवळच्या देवकुंडाचं नाव त्या यादीत अनेकदा असतं. बंदी असताना 'आम्ही आतल्या वाटेने नेतो' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धबधबा दोरावर घेण्याजोगा असतो. दिवाळीनंतर लहान वहाळ सुटे-सुटे होतात आणि डिसेंबरात धबधब्याच्या नावावर ओला कातळ उरतो.

नदीचं उलट आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाऊस थांबला की पाणी झरझर उतरतं आणि ट्यूब दर वीस पावलांवर गोट्यांना टेकते. कुंडलिका याला अपवाद. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने आणि नळांनी खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवून झालं की कुंडलिकेत सुटतं. म्हणून कोलाडच्या वरच्या टप्प्यात ऐन मार्चमध्येही राफ्ट चालतात. हे पाणी पर्यटकांसाठी सोडत नाहीत, विजेच्या गरजेप्रमाणे सोडतात, आणि राफ्टिंगचा धंदा त्या वेळापत्रकाला टांगलेला आहे. पाणी साधारणपणे सकाळी येतं. वीजघरातला संच बंद असेल त्या दिवशी नदी शांत.

म्हणजे फक्त ट्यूब हवी असेल तर कुंडलिकेवर वर्षातले बरेच महिने मिळतात. फक्त धबधबा हवा तर जेमतेम चार-पाच आठवडे. दोन्ही एकत्र हवं तर तेच आठवडे, त्यातही शनिवार-रविवार मोजा.

धबधब्याकडे काय बघायचं

रायगडच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कातळ काळा आणि पायऱ्यापायऱ्यांचा. जोराच्या धारेखालचा कातळ पाण्याने घासून बऱ्यापैकी स्वच्छ झालेला असतो. घसरायला होतं ते कडेला, जिथे पाणी नुसतं पाझरतं आणि शेवाळाचा पातळ पापुद्रा धरतो. नवखा माणूस धारेला घाबरून कडेला सरकतो आणि नेमका तिथे पाय सुटतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांच्या (उघड्या कातळाच्या पठारांच्या) कडेला जांभा लागतो. तो सच्छिद्र, ठोकलेला बोल्ट धरेलच असं नाही, म्हणून दोर झाडाला बांधतात. झाड जिवंत हवं, किमान मांडीएवढं जाड हवं, मुळं मातीत रुतलेली हवीत. एका झाडावर सगळा भार असेल तर उतरू नका. दोन स्वतंत्र अँकर, म्हणजे दोर बांधायच्या पक्क्या जागा, हवेतच. जांभ्याच्या भेगेत हात घालण्याआधी डोकवावं, फुरशाला, या विषारी सापाला, अशाच जागा आवडतात.

माणसाला दोन दोर हवेत. एक उतरायचा, दुसरा सेफ्टीचा, जो वरचा माणूस बिले देत, म्हणजे ताण सांभाळत, सोडत राहतो. जाडी साधारण 10 ते 11 मिलिमीटर. एकाच दोरावर उतरवत असतील तर खाली दोर धरून उभा असलेला माणूस तरी हवा. तुमचा हात सुटला की तो दोर ताणतो आणि तुम्ही जागच्या जागी थांबता. कोरड्या कड्यावर हे पुरतं. धारेखाली मात्र जागच्या जागी थांबणं हाच धोका आहे.

आता बारीक पण महत्त्वाची गोष्ट. लांब केस किंवा टी-शर्टची सैल कड डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या धातूच्या ब्रेकमध्ये, खेचली गेली तर माणूस तिथेच लटकतो. वरून पाणी डोक्यावर आदळत असतं, श्वास घ्यायला जागा नसते आणि थंडीने हात गार पडतात. अशा वेळी वरचा दोर सैल सोडून त्याला थेट खाली नेता आलं पाहिजे. दोर अँकरला नुसती गाठ मारून पक्का केला असेल तर ते जमत नाही. डिसेंडरमधून अडकवून, हवा तेव्हा सोडता येईल असा बांधला असेल तरच जमतं. 'कुणी मधे अडकलं तर काय करता?' असा प्रश्न विचारा. 'वरून दोर सोडून खाली घेतो' हे उत्तर बरोबर. 'असं कधी होत नाही' हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे चौकशी करा.

दोराचं खालचं टोक कोंडात नुसतं टेकावं. दहा-बारा फूट जास्तीचा दोर पाण्यात तरंगत असला तर तो पोहणाऱ्याच्या पायात गुंततो.

उतरण्याची रीत सोपी आहे, शरीराला पटवणं अवघड. पाय खांद्याइतके फाकवा, तळवा पूर्ण टेकवा, गुडघे जरा वाकवा आणि खुर्चीत बसल्यासारखं मागे रेला. बहुतेक जण भीतीने ताठ उभे राहून कातळाला चिकटतात. मग पाय खालून निघतात आणि गुडघा किंवा तोंड आपटतं. ब्रेकचा हात, म्हणजे खालचा दोर धरलेला हात, कमरेशी, तो काहीही झालं तरी सोडायचा नाही. धार डोक्यावर आली की वर बघू नका. हनुवटी छातीला लावा, हेल्मेटच्या पुढच्या कडेखाली श्वासापुरती हवा मिळते.

आणि लोंढा. खाली ऊन असताना घाटमाथ्यावर पाऊस पडत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, की रांगेत कितीही माणसं उरली असोत, दोर तिथेच टाकून बाजूला उंचावर व्हायचं.

ट्यूबकडे काय बघायचं

ट्यूबिंग दिसायला निवांत, म्हणून लोक इथे गाफील राहतात. ट्यूब बहुधा ट्रकच्या टायरची असते. हवा भरायचं पितळी तोंड आत वळलेलं असतं आणि मांडीला, पाठीला ओरबाडतं. त्यावर रबर किंवा कापड गुंडाळलेलं आहे का बघा. चांगले लोक ट्यूबला जाड कापडाची खोळ आणि धरायला पट्ट्या लावतात. काठावर उन्हात टम्म भरलेली ट्यूब गार पाण्यात पडली की आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ होते. हा पंक्चर नव्हे, पण बसल्यावर बूड पाण्यात खोल जातं आणि उथळ जागी दगडाला लागतं. पाण्यात दोन मिनिटं ठेवून मगच हवा तपासावी.

लाइफ जॅकेट घालून झालं की कुणालातरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात तुम्ही खाली आणि ते वर राहील. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. ट्यूबला स्वतःला कुठेही बांधून घेऊ नका.

खळाळात पाय पुढे, बूड उचललेलं. उलटलात तर पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवा आणि तिरकं पोहत काठ गाठा. गुडघाभर पाणी आहे म्हणून उभं राहू नका. वाहत्या पाण्यात पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह तुम्हाला पुढे ढकलतो, पाय मागेच राहतो आणि गुडघाभर पाणीही बुडवायला पुरतं.

कोकणातल्या नदीवर खास तीन गोष्टी. पहिली साकव, म्हणजे छोटा पूल. नळ टाकून बांधलेल्या साकवाखाली पाणी नळात ओढलं जातं. तिथे पोचण्याआधीच काठावर उतरून चालत पलीकडे जायचं. दुसरी बंधारा. वरून फूट-दोन फुटांची साधी पायरी दिसते, पण पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि पडलेली वस्तू तिथेच घोळवत ठेवतं, जॅकेटसकट. कोलाडजवळ डोलवहाळला असा बंधारा आहे. नदीचा टप्पा त्याच्या बराच आधी संपायला हवा. तिसरी काठावर वाकलेली झाडं आणि बांबूची बेटं. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

नदी कुठलीही चालत नाही. महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, खेडची जगबुडी इथे मगरी आहेत. खाडीजवळच्या टप्प्यात भरतीला ट्यूब जागची हलत नाही आणि ओहोटीला समुद्राकडे निघते.

दोन्ही एकाच दिवशी

इथे खरी अडचण वेळेची आहे. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो, म्हणून धबधबा सकाळी उरकलेला बरा. पण कुंडलिकेचं पाणीही सकाळचंच. आयोजक मग एकाला दुपारी ढकलतो. सकाळी नदी आणि दुपारी धबधबा असा कार्यक्रम असेल तर विजा चमकल्यावर ओल्या दोरावर, उघड्या कड्यावर तुम्ही असाल. सकाळी धबधबा आणि दुपारी नदी असेल तर नदीला ओढ कमी असेल, ट्यूब संथ वाहील, कुठे हाताने वल्हवावं लागेल. दुसरा क्रम घ्यावा. कंटाळवाणी ट्यूब परवडते.

दुसरा हिशेब दोरांचा. हार्नेस (कमर-मांड्यांचा पट्टा) तपासणं, उतरणं, खाली सुटं होणं, दोर मोकळा होणं, असं माणशी दहा मिनिटं धरा. 24 जण आणि दोरावर उतरायची एकच जागा म्हणजे चार तास, त्यातले बहुतेक ओल्या कपड्यांत कुडकुडत बसण्यात. अशा दोन जागा असतील तर दोन तास. मुंबईहून कोलाड साधारण 120 किलोमीटर, महामार्गाच्या मर्जीवर तीन ते पाच तास. ही बेरीज केली की 40 जणांच्या बसची जोड-सहल कागदावरच जमते. पंधराच्या आतला गट असेल तरच विचार करा.

दोरानंतर हातांची पकडही गेलेली असते. ट्यूबवर ती फारशी लागत नाही, म्हणूनही धबधबा आधी.

दहा-बारा वर्षांचं मूल, साठीचे आई-बाबा किंवा पोहता न येणारी मंडळी असतील तर संथ टप्प्यातली ट्यूब घ्या, धबधबा सोडा. पाठीचं दुखणं असलेल्यांनी ट्यूबही टाळावी, बूड दगडाला बसलं की धक्का थेट मणक्यात जातो. उंचीची भीती घालवायची आहे पण गाडीचा प्रवास नको, तर भिवपुरी रोडला कर्जत लोकलने उतरून तिथल्या धबधब्यावर रॅपलिंग करता येतं, नदी लागतच नाही. दोन्ही करायचंच आहे आणि रजा आहे, तर कोलाडला एक रात्र राहा. जोड-सहलीतली निम्मी कटकट त्या एका मुक्कामाने जाते.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी, कारण 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते. विम्यात पाण्यातले आणि दोरावरचे, दोन्ही प्रकार धरलेत का. आणि पाणी वाढलं म्हणून एक भाग रद्द झाला तर पैसे परत की 'त्याऐवजी रेन डान्स'. या तिसऱ्या मुद्द्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात. पैसे बुडणार असतील तर लोकच 'होऊन जाऊ दे' म्हणतात आणि गाइडवर दबाव येतो.

बूट खाचांच्या रबरी तळाचे आणि नाडीचे न्या, फ्लोटर कोंडात निघून जातात. अंगावर लवकर वाळणारं घाला, जीन्स नको. केसांना दोन रबरबँड न्या, एक तुटतोच. हातापायाला आधीच चीर असेल तर पाण्यात उतरू नका, आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना 'नदीच्या पाण्यात उतरलो होतो' हे आधी सांगा, म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) तपासणी वेळेत होते.