बोरोनालीचं 1000 तुकड्यांचं जिगसॉ पझल: चित्र भारी, खोक्यावरची गोष्ट अर्धवट

तीन आठवडे जेवणाचं टेबल अडवून बसले होते, काल रात्री शेवटचा तुकडा बसला, म्हणून आता सविस्तर लिहिते कारण घेण्याआधी मी शोधत होते तेव्हा या पझलबद्दल कोणी नीट लिहिलेलंच सापडलं नाही.

चित्र कुठलं ते आधी. 'आणि सूर्य एड्रियाटिकवर निजला', चित्रकार जोआकिम-राफाएल बोरोनाली, 1910, पॅरिस. वर नारिंगी, पिवळ्या, लाल रंगाचे जाड फराटे, खाली निळा समुद्र, बस. बोरोनाली नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. रोलाँ दोर्जलेस नावाचा तरुण लेखक आणि त्याचे मोंमार्त्र या पॅरिसच्या कलाकार-वस्तीतले मित्र यांनी मिळून तो तयार केला, जन्म जेनोआचा ठरवला, आणि प्रत्यक्ष रंगवायचं काम केलं लोलो नावाच्या गाढवाने. लोलो हे 'लापँ आजिल' नावाचं कॅबरे (गाणीबजावणी चालणारं मद्यालय) चालवणाऱ्या फ्रेदे यांचं. शेपटीला ब्रश बांधला, पुढून गाजरं खायला दिली, खूष होऊन शेपूट हलायला लागलं की ब्रश कॅनव्हासवर फिरायचा. रंग बदलायचं काम मित्रांचं. आणि उद्या कोणी खोटं म्हणू नये म्हणून 8 मार्च 1910 ला चक्क कोर्टाचा बेलीफ बोलावून या सगळ्याचा रीतसर पंचनामा करून ठेवला.

मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, गाढवाला गुळाची चव काय म्हणतात आपल्याकडे." आणि नंतर तेच रोज संध्याकाळी चष्मा लावून आकाशाचे तुकडे शोधत बसायला लागले.

आता पझलबद्दल. पुठ्ठा जाड आहे, तुकडे एकमेकांत घट्ट बसतात, जोडलेला भाग उचलून दुसरीकडे ठेवला तरी सुटत नाही. कटिंग एकसारखं नाही, वेगवेगळे आकार आहेत आणि या चित्रासाठी ते फार गरजेचं होतं कारण इथे घर नाही, माणूस नाही, झाड नाही, कशाच्या आधाराने लावणार. कडेचे तुकडे पहिल्या दिवशी झाले. मग सही, ती उजव्या कोपऱ्यात खाली नारिंगी रंगात आहे, तेवढाच काय तो ओळखू येणारा भाग. त्यानंतर समुद्र, आणि मग आकाश, ते आकाश आम्हाला पुरते दोन आठवडे पुरलं. सुरुवातीला वाटलं सगळे नारिंगी तुकडे सारखेच, पण पाचव्या सहाव्या दिवसापासून डोळ्याला कळायला लागलं की फराटा कुठे जोरात सुरू होतो, कुठे ब्रश कोरडा पडत गेला, कुठे ओल्या पिवळ्यावर लाल ओढला गेलाय. एरवी हे चित्र मी दहा सेकंद बघून पुढे गेले असते. छपाई चांगली आहे म्हणूनच हे दिसतं, आणि पृष्ठभाग मॅट आहे त्यामुळे दिव्याखाली चकाकत नाही, याचे पूर्ण मार्क.

तक्रार आहे ती खोक्याच्या मागच्या मजकुराबद्दल आणि ती जरा मनापासून आहे. तिथे लिहिलंय की परीक्षकांनी हे चित्र निवडलं आणि सगळे तज्ज्ञ फसले. अहो, परीक्षक नव्हतेच! हे चित्र लागलं ते सालों दे आँदेपाँदाँ या पॅरिसमधल्या स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात, आणि 1884 पासून त्या प्रदर्शनाचं मूळ तत्त्वच हे की निवड समिती नाही आणि बक्षिसंही नाहीत, वर्गणी भरा आणि चित्र लावा. कोणालाही दार उघडं असणं ही केवढी मोठी गोष्ट होती त्या काळात, आणि तीच इथे मूर्खपणा म्हणून छापलीये. गाढवाचं चित्र भिंतीवर लागलं यात नवल नव्हतं, लोकांनी त्याच्यापुढे उभं राहून काय विचार केला हे बघण्यासारखं होतं.

आणि माझ्या मते खरी कलाकृती चित्र नाहीच, बोरोनाली आहे. नाव बघा ना, फ्रेंच बोधकथाकार ला फोंतेनच्या एका गोष्टीतल्या गाढवाचं नाव आलिबोरोन, त्याचे दोन भाग उलटे केले की बोरोनआलि! म्हणजे उत्तर कॅटलॉगमध्ये छापूनच दिलं होतं. त्याच्या नावाने जाहीरनामा काढला, पंथाचं नाव अतिरेकवाद. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 1909 मध्ये इटालियन कवी मारिनेत्तीचा फ्युचरिस्ट (भविष्यवादी कलापंथाचा) जाहीरनामा पॅरिसच्या ल फिगारो या वर्तमानपत्रात छापून आला होता, त्यामुळे असली गर्जना वाचायची लोकांना सवय झालेली. आपण म्हणतो अति तिथे माती, यांचा जाहीरनामा म्हणतो की अतिरेक हा दोष आहे असं एक गाढव बोलून गेलंय, उलट तीच खरी ताकद. तिथेही गाढव! सोबतच्या पुस्तिकेत जाहीरनाम्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, त्याला निदान एक पान हवं होतं. फ्रेदे यांचा फोटोही नाही. पिकासोच्या 1905 च्या 'लापँ आजिल'मधल्या चित्रात मागे गिटार वाजवत बसलेले तेच, एवढं जरी लिहिलं असतं तरी किती मजा आली असती.

दुसरी अडचण, आमच्या खोक्यात एक तुकडा कमी निघाला, समुद्राच्या मधला. विक्रेत्याला फोटो पाठवला तर आधी म्हणे पूर्ण खोका परत करा, म्हणजे 900 तुकडे लावलेले मोडायचे का? दोन तीन मेल झाल्यावर ऐकलं आणि नुसता तुकडा पाठवला, पण नऊ दिवस लागले. त्याचा निळा किंचित गडद आहे, जवळून बघितलं तर कळतं. बाबा म्हणतात राहू दे, लोलोने आणखी एकदा शेपूट मारलं असं समज.

पहिल्यांदाच पझल लावणार असाल किंवा घरात लहान मुलांसाठी बघत असाल तर हे घेऊ नका, कंटाळून अर्धवट सुटेल. दोघातिघांनी मिळून लावायला उत्तम. खोक्यावरचं झाकणाचं चित्र लहान आहे, आत मोठं पोस्टर आहे ते आधी काढून भिंतीला लावा, त्याशिवाय आकाश होणार नाही. मूळ चित्र आज फ्रान्समधल्या मिली-ला-फोरे इथल्या एका छोट्या संग्रहालयात आहे, त्या काळी ते 400 फ्रँकला विकलं गेलं होतं आणि ते पैसे अनाथाश्रमाला दिले, हे मात्र पुस्तिकेत बरोबर छापलंय.

पाचपैकी चार स्टार. खोक्यामागचा परीक्षकांचा मजकूर दुरुस्त केला तर पाचवाही देईन, तसं कंपनीला कळवलंय.