जुनी बोडी : दुरुस्त करावी, पाणी उतरवावे की पाळ मोकळी करावी?

मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी पद्धत, गेल्यावर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यातले मोठे तलाव शासनाकडे गेले. शेतातल्या अनेक बोड्या, म्हणजे लहान तळी, मात्र खातेदारांच्याच राहिल्या आणि त्यांची पाळ (मातीचा बांध), तुडुम (पाणी सोडण्याची नळी व तिचे तोंड), सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) सांभाळण्याचे कामही त्यांच्याच अंगावर आले. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. दोन-चार मीटरच्या बोडीच्या तपासणीला त्या कायद्याने कोणी येणार नाही, त्यामुळे पाळ जुनी झाली की निर्णय मालकालाच घ्यावा लागतो.

दुरुस्ती म्हटली की बहुतेक जण गाळ काढण्यापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. गाळ काढल्याने साठा वाढतो, पाळ मजबूत होत नाही. उलट पायथ्याशी यंत्र लावून खणले, तर पाळीचा आतला आधार जातो आणि पाणी धरून ठेवणारा तळाचा चिकण थरही निघून जातो. पहिला पैसा सांडव्यावर खर्च व्हावा, कारण पाळीवरून पाणी वाहू लागले, तर मातीची पाळ काही तासांत कापली जाऊ शकते. त्यानंतर तुडुम पाहावे. त्याची नळी धड दिसली, तरी तिच्या बाहेरच्या अंगाने माती धुपत असू शकते. पायथ्याशी पाझर दिसल्यास ते पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवावे. ते निवळ राहिले, तर बादली भरायला किती वेळ लागतो याची दर आठवड्याला नोंद ठेवावी. तळाशी माती बसली, तर पाळ आतून पोखरली जात आहे असे समजून पाणी कमी करायला घ्यावे आणि जाणकाराला बोलवावे. बिळे बुजवणे आणि बेशरमाची झुडपे तोडणे हे दरवर्षीचे काम आहे. मोठे झाड मात्र नुसते कापून भागत नाही, कारण मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला वाट मिळते. (चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, तेव्हा चर्चा खेकड्यांनी धरण पोखरल्याच्या दाव्याचीच अधिक झाली, गळतीच्या तक्रारी मात्र आधीच्या होत्या.)

सांडव्याचा उंबरा अर्धा मीटर खाली घेणे हा त्या मानाने स्वस्त उपाय आहे. पाळीवरचा दाब कमी होतो आणि पुराला वर जागा मिळते. पण बोडी वरच्या अंगाला पसरट असल्याने साठा उंचीच्या मानाने बराच जास्त घटतो. हलके, म्हणजे लवकर येणारे धान लावणाऱ्याला हे परवडते, भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाच्या शेवटच्या पाण्याची भिस्त बोडीवर असलेल्याला परवडत नाही.

मालक नागपुरात किंवा पुण्यात राहतो, पावसाळ्यात पाळीवरून फिरणारे कोणी नाही आणि खाली घरे आहेत, अशा ठिकाणी मी पाळ मोकळी करण्याच्या, म्हणजे तिच्यात कायमची वाट काढून बोडी भरूच न देण्याच्याच बाजूने आहे. त्यात मासे जातात, खालच्या विहिरींचे पाणी उतरू शकते आणि शेजाऱ्यांच्या बांध्यांचे (धानाच्या वाफ्यांचे) वहिवाटीचे पाणी तुटू शकते, म्हणून त्यांच्याशी आणि तहसील कार्यालयाशी आधी बोलावे. भरलेल्या बोडीची पाळ कधीही फोडू नये. पाऊस संपल्यावर तुडुमातून सावकाश पाणी सोडावे, कारण पाणी एकदम उतरले की पाळीची आतली ओली बाजू घसरते. मग उन्हाळ्यात मूळ जमिनीपर्यंत, रुंद तळाची आणि उतरत्या काठांची वाट काढावी. अरुंद खाच ठेवली, तर पहिल्याच पुरात झुडपे अडकून ती बुजते आणि बोडी पुन्हा भरू लागते.