रात्री साडेअकरानंतरचा पट : फिब्सवरचं माझं सव्वा वर्ष

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेकंड शिफ्टला लेथवर असतो. अकराला सुटतो, मंगळवार पेठेत घरी येऊन जेवतो आणि लॅपटॉप उघडतो. त्या वेळेला युरोपात संध्याकाळ असते, फिब्सवर गडी मिळतो.

फिब्स म्हणजे फर्स्ट इंटरनेट बॅकगॅमन सर्व्हर. बॅकगॅमन हा दोघांनी फासे टाकून पटावर खेळायचा सोंगट्यांचा खेळ. अँड्रियास श्नायडर यांनी तो जुलै १९९२ मध्ये स्वीडनमध्ये सुरू केला. नंतर कंपन्यांचे, पैसे लावायचे, मोबाइलवरचे कितीतरी सर्व्हर आले, पण अनोळखी माणसाशी इंटरनेटवर पट मांडायची वाट इथून पडली. टेलनेटनं, म्हणजे नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या जुन्या जोडणीनं जोडायचं, पोर्ट ४३२१. खेळ फुकट. पट अक्षरांनी काढलेला, सोंगट्या म्हणजे इंग्रजी ओ आणि एक्स. चित्राचा पट हवा असेल तर जावाफिब्स नावाचा प्रोग्रॅम आहे. मी साध्यावरच राहिलो. घरं डोक्यात मोजावी लागतात, ते मला आवडतं.

याआधी मोबाइलवर एक ॲप होतं. प्रत्येक डावानंतर जाहिरात, आणि नाणी संपली की पैसे भरा. महिन्याभरात काढून टाकलं.

माझी आजी कापडी पटावर सारीपाट खेळायची. तिची ताकीद एकच: "जुग फोडू नगंस रं." एका घरात दोन सोंगट्या असल्या की मारता येत नाहीत. बॅकगॅमनमध्येही तसंच, त्यामुळं अर्धा खेळ मला पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र आजीची ताकीद मोडावी लागली. पहिल्याच फाशात दोन-एक, चार-एक किंवा पाच-एक पडलं तर जुने खेळाडू सहाव्या घरातली एक सोंगटी पाचव्यात उघडी ठेवायचे. फिब्सच्याच साली आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोंचा टीडी-गॅमन आला. स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकलेला प्रोग्रॅम. त्याच्या हिशेबानं, चोविसाव्या घरातलं जुग फोडून एक सोंगटी तेविसाव्यात आणणं बरं. मोठ्या स्पर्धांतले खेळाडूही मग तसं खेळू लागले. जुग फोडायचं, पण कुठलं, ते कळायला पाहिजे.

सारीपाटात अजिबात नाही अशी एक गोष्ट म्हणजे डबलिंग क्यूब. डाव आपल्याकडं झुकला की समोरच्याला म्हणायचं, आता हा डाव दुप्पट. त्यानं नाही म्हटलं तर एक पॉइंट देऊन तो सुटतो. हो म्हटलं तर दोनवर खेळ. मी आधी घाबरून सोडून द्यायचो. मग गणित मांडलं. जिंकायची शक्यता चारात एक असेल, तर अशा चार डावांत तीनदा दोन-दोन जाणार आणि एकदा दोन येणार, म्हणजे निव्वळ चार गेले. चारही सोडले तरी चारच जातात. म्हणून पंचवीस टक्क्यांच्या वर असलात तर डबल घ्या. (समोरचा गॅमन मारणार, म्हणजे आपली एकही सोंगटी पटाबाहेर निघायच्या आत जिंकून दुप्पट पॉइंट घेणार असं दिसत असेल तर जरा जास्त हवेत.) हे कळल्यावर मी हरायचे किती डाव उगाच देऊन टाकत होतो ते दिसलं.

रेटिंग सगळ्यांचं १५०० पासून सुरू. मॅच म्हणजे ठरलेले पॉइंट जो आधी करेल तो जिंकला. बरोबरीच्या गड्याशी एक पॉइंटची मॅच जिंकली की २ गुण, नऊ पॉइंटची जिंकली की ६. नवीन माणसाचे हे आकडे सुरुवातीला पाचपट असतात आणि अनुभव (खेळलेल्या मॅच किती-किती पॉइंटच्या, त्यांची बेरीज) ४०० झाला की नेहमीचे होतात. त्यामुळं पहिल्या महिन्यात रेटिंग वरखाली उड्या मारतं. तेव्हा फासे खोटे आहेत असं वाटायला लागतं, मलाही वाटलं. मॅच ग्नू बॅकगॅमन या चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून तपासली आणि चुका माझ्याच निघाल्या.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट जाते. अपुरी मॅच सर्व्हरवर तशीच राहते, पुढं कधीही त्याच गड्याबरोबर तिथूनच सुरू होते. मागच्या जुलैत अर्धी राहिलेली माझी सात पॉइंटची मॅच पाच दिवसांनी पुरी झाली. हरलो, पण पुरी झाली याचं समाधान मोठं.

कमतरता सांगायची तर आपल्या दुपारी गडी कमी, मग बॉटशी, म्हणजे खेळणाऱ्या प्रोग्रॅमशी खेळावं लागतं. कमांड पाठ व्हायला आठवडा जातो.

कोल्हापुरातलं अजून कुणी तिथं भेटलेलं नाही. कुणी येणार असेल तर साडेअकरानंतर मी असतोच. पाच पॉइंटची मॅच मांडू.