दहा महिने मेटचा ऑनलाइन संग्रह वापरल्यावर, आणि हार्ड डिस्क गेल्यावर

मे महिन्यात वाचनालयातल्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि "यातलं काही निघणार नाही" म्हणून परत दिली. मुलांच्या इतिहास-फलकासाठी जमवलेली साडेचारशे चित्रं तिच्यात होती. त्यातली ३८८ मला चार संध्याकाळी बसून परत मिळाली, एक रुपया खर्च न होता. ती सगळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावरची. उरलेली ६२ गेली ती गेलीच.

मेटचा मुक्त संग्रह बहुतेकांना ठाऊक असेल. स्वामित्वहक्क नसलेल्या कलाकृतींची पावणेचार लाख छायाचित्रं त्यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये सीसी झिरो परवान्याखाली खुली केली. उतरवून घ्या, छापा, पुस्तकात घाला. कुणाला विचारायला नको, खातंही उघडायला नको. हक्क अजून शाबूत असलेल्या अलीकडच्या कलाकृती मात्र यात येत नाहीत, तेव्हा पानावर मुक्त असल्याची खूण आहे का ते आधी पाहावं.

मी तिकडे वळले ती चिडून. विजापूरच्या आदिलशाही घराण्याचं एक समूहचित्र आहे, सुमारे १६८० सालचं, कमाल मुहम्मद आणि चांद मुहम्मद यांनी काढलेलं. संस्थापक युसूफ इराणच्या शाह इस्माईलकडून राजसत्तेची किल्ली घेतोय, आजूबाजूला त्याच्या वंशातले सुलतान बसलेत आणि त्यांत एक लहान मुलगा आहे. हे चित्र आम्ही एका चित्रविक्री कंपनीकडून १,८०० रुपये भरून घेतलं होतं. खाली ओळ होती 'मुघल दरबार'! वर्ष झाल्यावर परवाना नूतनीकरणाचं बिल आलं. मी तीन पत्रं पाठवली, तिन्हींना तेच ठरावीक उत्तर. तालुक्याच्या वाचनालयाला १,८०० रुपये म्हणजे पाच-सहा दिवाळी अंक. तेच चित्र मेटमध्ये आहे आणि त्याचं मोठं छायाचित्र फुकट मिळतं हे कळलं, त्या रात्री मला झोप आली नाही.

पहिले दोन-तीन महिने विचारलं असतं तर मी त्यांच्या कलेतिहासाच्या कालपटाचं कौतुक केलं असतं. २००० सालापासून चालू असलेला हा कालपट प्रदेश आणि काळ यांची सांगड घालून देतो, सोबत अभ्यासकांचे छोटे निबंध. आजही वाचते. पण डिस्क गेल्यावर माझं मत बदललं. माझ्या दृष्टीने या संग्रहातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूच्या पानावर दिलेला दाखल क्रमांक, म्हणजे वस्तू संग्रहात येते तेव्हा तिला मिळणारा क्रमांक.

ग्रंथपाल असल्यामुळे दाखल नोंदवही माझ्या हाडीमाशी आहे, म्हणून असेल. वरच्या चित्राचा क्रमांक १९८२.२१३. म्हणजे ते १९८२ साली संग्रहात आलं. डच चित्रकार व्हर्मीरचं पाण्याची सुरई धरलेल्या तरुणीचं चित्र ८९.१५.२१, इथे शतक लिहिलेलं नाही, ते १८८९ आहे हे समजून घ्यावं लागतं. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचे तर मेटकडे लाकडी ठशावरून काढलेले एकाहून अधिक छाप आहेत. नुसतं 'मोठी लाट' लिहून ठेवलं तर कुठला छाप ते कसं कळणार? जेपी १८४७ लिहिलं की तोच छाप, दुसरा नाही. रंग किती उतरलेत, कड कुठे झिजली आहे, हे छापागणिक बदलतं.

सुरुवातीला मी पानाच्या पत्त्याच्या शेवटी असतो तो आकडा उतरवून घेत होते. तो संगणकाच्या सोयीचा, वस्तूचा नव्हे. पुस्तकांच्या टिपांमध्ये दाखल क्रमांकच असतो हे लक्षात आल्यावर शंभरेक नोंदी पुन्हा केल्या. दोनशे पानी वही, डावीकडे क्रमांक, उजवीकडे मुलांसाठी दोन ओळी मराठीत. त्या वहीवरूनच ३८८ चित्रं परत आली. भाचा म्हणाला, मेटचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट नोंदी मागवायची सोय, २०१८ पासून खुला आहे, त्याला चावी म्हणजे परवानगीचा संकेतांक लागत नाही, सेकंदाला ८० मागण्या चालतात, मिनिटांत झालं असतं. असेल. मला एकेक पान उघडून माझ्या ओळी तपासायच्याच होत्या.

आपल्याकडेही राष्ट्रीय संग्रहालयांच्या पोर्टलवर नोंदीत दाखल क्रमांक दिसतो. ते 'जतन' या प्रणालीवर उभं आहे, आणि ती पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने केलेली. शिक्षकांनी तिथूनही क्रमांक उतरवून घ्यायची सवय लावावी.

जूनमध्ये आदिलशाहीचं चित्र ए-३ आकारात पुन्हा छापून लावलं. सहावीतल्या एका मुलीने त्या लहान मुलावर बोट ठेवून विचारलं, "बाई, हा पण राजा?" हो, सिकंदर. १६७२ मध्ये चार-पाच वर्षांचा असताना गादीवर आला. शिवरायांचा राज्याभिषेक झाला तेव्हा विजापुरात हाच सुलतान होता. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. आमच्या मुलांना आदिलशहा माहीत असतो तो अफझलखानाला पाठवणारा, तेवढाच. त्या दिवशी ती पाऊण तास चित्रासमोरून हलली नाहीत.

गेलेल्या ६२ चित्रांपैकी एक मनातून जात नाही. मराठा घोडेस्वाराचं शाईतलं रेखाटन, घोड्याची मान वळलेली, भाला आडवा धरलेला. कुठल्या संग्रहातलं, कुठे पाहिलं, काही लिहून ठेवलं नव्हतं. कुणाच्या पाहण्यात असेल तर त्याचा दाखल क्रमांक मला हवा आहे.