जुन्या पॉइंट टू-टूचं दुखणं नेमकं ओळखणारा मिस्त्री

वडिलांकडून वारशाने आलेली ब्रनो मॉडेल टू, पॉइंट टू-टू (.२२) बोअरची रायफल. जिथे बनली तो झेकोस्लोव्हाकिया देश कधीच मोडला, रायफल मात्र अजून सरळ मारते. दुखणं एकच, मॅगझिनमधलं (काडतुसं भरायच्या पेटीतलं) दुसरं-तिसरं काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या घराच्या, तोंडाशी नाक घासून अडकायचं. एका दुकानात रायफल हातात न घेताच सांगितलं, "नवीन मॅगझिन टाका साहेब." तिथून उठलो आणि कोल्हापुरातल्या या परवानाधारक बंदूक-मिस्त्रींकडे गेलो.

आधी परवान्यावरचा नंबर रायफलीशी ताडून पाहिला, रीतसर पावती फाडली. मग मॅगझिन बाजूला ठेवून एक डमी (बिनबारुदाचं) काडतूस हाताने चेंबरमध्ये सरकवलं. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलमध्ये असंच एकेक काडतूस हाताने भरतात; आपल्या राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या प्रकारात मॅगझिनची कटकटच नाही. हाताने भरलेलं सुरळीत बसलं तर चेंबर निर्दोष, खोट मॅगझिनमध्ये. माझ्या रायफलीत ते जवळजवळ बसलं.

"शेवटाला अडखळतंय बघा," म्हणत त्यांनी भिंगातून चेंबरची कड दाखवली. पिन जिथे आदळते तिथे बारीक खाच, आणि खाचेतलं लोखंड आत ढकललं गेलेलं. पॉइंट टू-टूची पिन काडतुसाच्या काठावर मारते. काडतूस नसेल तर तो मार थेट कडेला बसू शकतो. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा रिकामा चाप ओढून बघायचा, त्याचा हा प्रसाद. मिस्त्रींनी चेंबरच्या मापाची गुळगुळीत सळई फिरवून ते लोखंड जागेवर दाबलं. कानस लावली नाही, हे मला फार आवडलं. कानशीने गेलेलं लोखंड परत येत नाही.

मग मॅगझिन. अडकलेल्या काडतुसाच्या शिशावर वरच्या बाजूला ओरखडा होता, म्हणजे नाक गरजेपेक्षा वर उचललं जात होतं. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारा एक ओठ फाकलेला निघाला. पकडीने जरासा दाबायचा, डमी चालवून बघायची, पुन्हा जरासा. आत गोळ्यांवरचं मेण आणि काजळी यांचा चिकटा बसला होता, तोही काढला. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे, नाहीतर ती एकमेकांत अडकतात, हेही करून दाखवलं.

आता रेंजवर गोल नाकाच्या गोळ्यांचं मॅगझिन न अडखळता रिकामं होतं. पोकळ टोकाची गोळी क्वचित नाक घासते, पण तसं त्यांनी आधीच बजावलं होतं.

तक्रारी आहेत. आठ दिवस म्हणाले, महिना उलटत आला. फोन उचलत नाहीत. बिलावर नुसतं "दुरुस्ती". काय केलं ते विचाराल तरच कळतं, विचारलं तर मात्र चहा मागवून सांगतात. बॅरलला नवा रंग हवा असेल तर दुसरीकडे जा, त्यांना त्यात रस नाही.

पाचपैकी चार. मूळ परवाना न्या, झेरॉक्सवर ते हातही लावत नाहीत. आणि निवडणूक तोंडावर असेल तर थांबा. रायफल त्यांच्याकडे असताना शस्त्र ठाण्यात जमा करायची नोटीस आली की तुमची धावपळ व्हायची.