रॅम आत, आवाज बाहेर: जुन्या लॅपटॉपच्या अपग्रेडचा काही महिन्यांचा अनुभव

जुन्या लॅपटॉपवर पैसे घालायचे असतील तर रॅम आत घाला आणि आवाजाचं काम यूएसबीवरून बाहेर न्या. गेला पावसाळा आणि हिवाळा याच जोडीवर काम केल्यानंतर माझं हे मत पक्कं झालं आहे.

आमच्या घरात वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींची एक पेटी आहे. बहुतेक ६० आणि ९० मिनिटांच्या. त्यातली बरीच मंडळी आता हयात नाहीत, त्यामुळे त्या डिजिटल करून ठेवायच्याच होत्या. हाताशी होता २०१८चा ऑफिसछाप लॅपटॉप: आठव्या पिढीचा कोअर आय५-८२५०यू, एसएसडी आणि ८ जीबी रॅमची एकच स्टिक. ऑडॅसिटी या आवाज टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग चालू असताना ब्राउझर उघडला की मध्येच सेकंदाच्या एखाद्या तुकड्याला कात्री लागायची. ऑडॅसिटी स्वतः रॅम फारशी खात नाही, ती सगळं डिस्कवर लिहीत जाते. पण रॅम भरली की विंडोज रॅममध्ये न मावणारा भाग त्याच डिस्कवर ठेवायला लागतं (याला स्वॅप म्हणतात) आणि रेकॉर्डिंगला डिस्क वेळेवर मिळत नाही. गवळणीच्या ऐन अंतऱ्यात असं झालं की पूर्ण बाजू पुन्हा लावावी लागते, आणि जुनी टेप हेडवरून, म्हणजे ती वाचणाऱ्या भागावरून, जितक्या कमी वेळा फिरेल तितकं बरं.

रॅमचं काम सोपं आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोनपैकी किती स्लॉट भरलेत ते दिसतं. माझा एक रिकामा होता. रॅमचे प्रकार असतात: डीडीआर४ची लॅपटॉप स्टिक २६० पिनांची असते, जुन्या डीडीआर३एलची २०४ पिनांची. खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने चुकीची बसतच नाही, पण दुकानात जायच्या आधी सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रकार बघून घ्या. हा प्रोसेसर मेमरी २४०० च्या (सेकंदाला तितकी दशलक्ष ट्रान्सफर) वेगाने चालवतो. मी ३२०० ची स्टिक घातली, ती मुकाट्याने २४०० वर चालते आहे. आधीच्या स्टिकची कंपनी वेगळी आहे, त्यानेही काही बिघडलेलं नाही.

उघडताना बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमधून, आतली बॅटरी बंद केली, स्क्रू काढले, जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून खालचं झाकण सोडवलं. हिवाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक (स्थिर वीज) साठतो, तेव्हा आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या लोखंडी वस्तूला स्पर्श करा. स्टिक तिरकी आत सरकवायची आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्क वाजेपर्यंत खाली दाबायची. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन बराच वेळ काळीच राहते. मशीन नवी मेमरी तपासत असतं, बटण दाबून बंद करायची घाई करू नका. रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला, एकही एरर आली नाही.

फरक त्याच दिवशी जाणवला. १६ जीबी झाली एवढंच नाही, दोन स्टिका झाल्याने ड्युअल चॅनल सुरू झालं, म्हणजे दोन्ही स्टिका एकाच वेळी वापरल्या जाऊन मेमरीची वाट १९.२ वरून ३८.४ जीबी प्रति सेकंद एवढी रुंद झाली. या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं, त्यामुळे आवाजाचा लांबलचक आलेख (वेव्हफॉर्म) सरकवतानाही हात अडत नाही. रेकॉर्डिंगमधले तुटलेले तुकडे तेव्हापासून बंद आहेत.

आता आवाज. लॅपटॉपचं ‘साउंड कार्ड’ बदलता येत नाही. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली छोटी चिप असते. आतले स्पीकर बदलता येतात, पण त्यांना मिळणारी जागाच बोटभर. पखवाजाच्या धुमेवर (डाव्या तोंडावर) कणीक लावलेली असते ती ज्या खर्जासाठी, तो खर्ज त्या डबीतून निघणं शक्य नाही, कितीही महागाचा स्पीकर घाला. म्हणून मी तो नाद केला नाही.

रेकॉर्डिंगची अडचण तर याहून मोठी. चार पट्ट्यांच्या पिनचा जो एकच जॅक हल्लीच्या लॅपटॉपला असतो, त्यात डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक एवढंच मावतं. म्हणजे आत येणारा आवाज मोनो. शिवाय तो माइकच्या पातळीसाठी बनलेला, कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून येणारा जोरकस आवाज त्यात फाटतो. उपाय म्हणून लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटांचा खिशात मावेल असा यूएसबी इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारी डबी, घेतला, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा. केबली पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणल्या. १६ बिट कमी नाहीत का, असं दोघातिघांनी विचारलं. साध्या कॅसेटची डायनॅमिक रेंज (सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर) साधारण ५०-६० डेसिबल, १६ बिटांची ९६. जागा भरपूर उरते.

सगळ्यात महत्त्वाची सेटिंग: विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. नॉइज सप्रेशन अखंड, एकसारख्या आवाजाला गोंगाट समजतं. तंबोरा आणि बाजाच्या पेटीचा धरलेला सूर नेमका तसाच असतो, तो ते गिळून टाकतं. पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवतो, कारण टाळ अचानक उसळतात. सीडीच्या दर्जाने तासाला ६३५ एमबी होतात. मी ते फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, साठवतो.

चार्जर लावून रेकॉर्ड केलं की ५० हर्ट्झची गुणगुण यायची. डेक आणि लॅपटॉप दोन्ही मेन्सला जोडलेले असल्याने होणारा हा ग्राउंड लूप. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला की गुणगुण जाते. एक बाजू ३० किंवा ४५ मिनिटांची, तेवढी बॅटरी पुरते.

त्रास म्हणाल तर दोन. लॅपटॉप झोपेतून उठला की कधीकधी इंटरफेस ओळखत नाही, काढून पुन्हा लावावा लागतो. आणि तो जोडलेला असताना व्हिडिओ कॉल आला तर विंडोज त्यालाच माइक समजतं, समोरच्याला काही ऐकू जात नाही. दर वेळी सेटिंगमध्ये जाऊन आतला माइक निवडावा लागतो.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा सोल्डर केलेली असते. तसं असेल तर झाकण उघडायच्या फंदात पडू नका, फक्त इंटरफेस घ्या. आवाजाचं निम्म्याहून अधिक काम तेवढ्यानेच होतं. माझ्या मशीनला ३२ जीबीपर्यंत वाव आहे, पण या कामासाठी मी तो खर्च करणार नाही. त्याऐवजी डेक सर्व्हिस करून घ्यायचा आहे: आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि टेप ओढणारा पिंच रोलर साफ, नवा बेल्ट, अॅझिमथ (टेपशी हेडचा कोन) जुळवून. टाळांची धार तिथे हरवली तर पुढे कितीही चांगलं हार्डवेअर ती परत आणू शकत नाही.