तीन एअर फिल्टर, साडेतेरा महिने आणि सावनेर रोडची धूळ

आधी गाडी आणि रस्ता सांगतो, कारण त्याशिवाय या एअर फिल्टरच्या (इंजिनात जाणारी हवा गाळतो तो) गोष्टीला काही अर्थ नाही. गाडी २०१७ ची डिझायर डिझेल, १२४८ सीसीचं फियाटवालं इंजिन, पहिला फिल्टर टाकला तेव्हा मीटरवर १ लाख ८ हजार होते, आता १ लाख ३१ च्या वर गेलेत. रोजचा रस्ता नागपूरच्या झिंगाबाई टाकळीहून सावनेर, जाऊन-येऊन ७० किमीच्या आसपास. म्हणजे कोराडीच्या वीज केंद्राची राख, कोळशाचे ट्रक, मधे मधे खोदून ठेवलेला रस्ता, आणि दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या ज्यांच्यातून रुई उडत असते. उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या बोनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहून घ्या, एवढी धूळ. पुण्या-मुंबईवाल्यांचा अनुभव वाचून मी फिल्टर घेतला ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक साळ्याचं ऐकलं. त्याने स्वतःच्या पेट्रोल गाडीत तेलाचा कापडी फिल्टर टाकला होता, तो लाल रंगाचा, धुवून परत वापरता येतो तो. "भाऊजी, एकदा टाका, जिंदगीभर पाहायचं काम नाही, आणि पिकअप तं पाहाच." हे असे कापडी फिल्टर केअँडएनवाल्यांनी १९६९ पासून कॅलिफोर्नियात मोटरसायकल रेसिंगच्या जमान्यात प्रसिद्ध केले, आता ढीगभर कंपन्या बनवतात. मी कोणाचा घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात अर्धी चूक माझी होती आणि उगाच कोणाला बदनाम करायचं नाही. साडेचार हजार गेले, वर धुण्याचं लिक्विड आणि तेलाची बाटली मिळून तेराशे. कागदी ओरिजिनल फिल्टर तेव्हा चारशेच्या आत मिळत होता, हे लक्षात ठेवा, पुढे हिशोब येतो.

डिसेंबरात बसवला आणि खरं सांगतो, पहिल्याच दिवशी खुश झालो. टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) शिट्टी आधी ऐकू यायची नाही ती मस्त स्पष्ट ऐकू यायला लागली, गाडी २००० आरपीएमच्या वर हलकी वाटून राहिली होती, ऑफिसमधल्या दोघांना बसवून चक्कर मारून आणली. आता मागे वळून पाहतो तेव्हा हसू येते, कारण तो डिसेंबर होता बे! सकाळी १२ डिग्री. थंड हवा जड असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन. तीच हवा मे महिन्यात ४५ डिग्रीला साधारण १० टक्क्यांनी पातळ होते. फिल्टरने काही दिलं असेल नसेल, पण हिवाळ्याने नक्की दिलं होतं आणि मी त्याचं श्रेय साडेचार हजाराच्या जाळीला देऊन बसलो. मे महिन्यात एसी लावून कोराडीच्या पुलावर चढताना तोच पिकअप कुठे गेला म्हणून शोधत होतो.

ॲव्हरेज? काहीच फरक नाही. टाकी फुल टू फुल आठ वेळा मोजली, आधी २१.५ च्या जवळपास होतं, नंतरही तेवढंच. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच तपासलं होतं, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी ॲव्हरेज फारसं पडत नाही, कारण कॉम्प्युटर हवेच्या मापाने इंधन सोडतो. पडतो तो पिकअप, त्यांना नवीन फिल्टरने ६ ते ११ टक्के वेगवान पिकअप मिळाला होता. म्हणजे चोंदलेला बदलला तर फायदा, पण चांगल्या कागदीच्या जागी महागडा टाकला तर तो फायदा कुठून येणार. कार्बुरेटरच्या (कॉम्प्युटरशिवाय हवेत पेट्रोल मिसळायचा तो) जमान्यातल्या गोष्टी आपण अजून सांगत फिरतो.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी सहज फिल्टरचा डब्बा उघडला. बाहेरून फिल्टर राखाडी झाला होता, ते ठीक आहे, त्याचं कामच ते. मग म्हटलं मागचा पाईपही पाहू. मुलीचं जुनं पांढरं दुपटं होतं (बायकोची बोलणी नंतर खाल्ली), ते बोटाला गुंडाळून फिल्टरच्या लगेच मागच्या पाईपात फिरवलं. बाहेर काढलं तर लालसर तपकिरी तेलाचा पट्टा आणि त्यात मिसळलेली अगदी बारीक राखाडी पावडर. दोन बोटांत चोळली तर करकर नाही, टाल्कम पावडरसारखी मऊ. ती राख. तिला आपण समजतो त्याहून जास्त आत जाता येतं.

इथे एक सांगून ठेवतो नाहीतर कोणीतरी घाबरून मेकॅनिककडे पळेल. डिझेल गाडीत इंजिनच्या ब्रीदरचा (आतली तेलकट वाफ बाहेर सोडणारा) पाईप टर्बोच्या आधी येऊन मिळतो, त्यामुळे टर्बोजवळच्या पाईपात थोडं तेल असतंच, ते नॉर्मल आहे. मी पुसलं ते फिल्टर आणि त्यामागचा हवा मोजणारा सेन्सर यांच्या मधल्या भागात, जिथे तेल यायला फिल्टरशिवाय दुसरा रस्ता नाही. तुम्ही पाहाल तर तिथेच पाहा.

तरी मी काढला नाही. पैसे गेले होते ना! उलट विचार केला की फिल्टर घाण झाला म्हणून असं होऊन राहिलं असेल, धुवून टाकू. मेच्या मध्यात, म्हणजे ९ हजार किमीला, गच्चीवर धुतला, सावलीत वाळवला, आणि तेल टाकताना ती लाल रंगाची रेघ प्रत्येक घडीवर नीट उठून दिसेपर्यंत टाकत गेलो. बाटलीवर लिहिलंय थोडं टाका, २० मिनिटं थांबा, जिथे पांढरं दिसेल तिथेच परत टाका. मी काय केलं, डबल टाकलं. म्हटलं आपल्याकडे धूळ जास्त तर तेल पण जास्त पाहिजे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाटणसावंगीच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करायला गेलो आणि गाडी ओढेच ना. ॲक्सिलरेटर दाबला तरी नुसती कण्हून राहिली. समोरून बस, मी परत मागे. दोन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी ०१०१, म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं माप जुळत नाही. त्याने फिल्टर हातात घेतला, बोटं लाल झाली, माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हे धुतलं का तळलं?"

झालं काय ते समजून घ्या. या इंजिनात फिल्टरच्या मागे पाईपात एक बारीकसा सेन्सर बसलेला असतो, त्याच्यावर गरम पापुद्रा असतो, हवा त्याला किती थंड करते यावरून कॉम्प्युटर हवा किती येतेय ते ठरवतो. फिल्टरचं जास्तीचं तेल उडून त्याच्यावर बसलं, त्यावर राख चिकटली, आता हवा किती पण येवो पापुद्रा नीट थंड होत नाही, कॉम्प्युटरला वाटते हवा कमी आहे म्हणून तो डिझेल पण कमी सोडतो. गाडी मरतुकडी. नशीब चांगलं म्हणून सेन्सर वाचला. त्याच्यासाठी जो वेगळा स्प्रे येतो तो मारला, हात लावायचा नाही, कापसाने पुसायचं नाही, आणि कार्बुरेटर क्लीनर तर चुकूनही नाही. अर्धा तास वाळवला, लावला, कोड मिटवला, गाडी परत पहिल्यासारखी. नवीन सेन्सरची किंमत विचारली होती, ती ऐकून तिथेच खुर्चीवर बसलो.

संध्याकाळी गावी फोनवर बाबांना सांगितलं तर ते आधी हसले. आमच्याकडे शेतावर जुना ट्रॅक्टर आहे, त्याला ऑइल बाथवाला फिल्टर, खाली वाटीत इंजिन ऑइल, हवा त्याच्यावर आपटून वर जाते आणि धूळ तेलात बसते. "अबे, त्या वाटीत निशाणीच्या वर तेल टाकलं तं काय होते? इंजिन ते तेलच ओढते. तुले लहानपणी दाखवलं होतं ना!" दाखवलं होतं. चाळीस वर्षांपासून घरात असलेली गोष्ट मी साडेसात हजार रुपये खर्च करून परत शिकलो (फिल्टर, किट, स्प्रे, मेकॅनिक सगळं धरून). त्याच पैशात ओरिजिनल कागदी फिल्टर वीस आले असते.

जुलैमध्ये कापडी काढला. पण अक्कल एकदम येत नाही. ओरिजिनल त्या दिवशी दुकानात नव्हता, दुकानदाराने एक बिनानावाचा कागदी दिला, १६० रुपये, "सेमच आहे भाऊ." सेम नव्हता. घरी जुन्या ओरिजिनलशेजारी ठेवून घड्या मोजल्या तर या पठ्ठ्याच्या १४ घड्या कमी. पण घड्यांपेक्षा मोठी भानगड कडेच्या रबरात होती. ओरिजिनलची कड दाबली तर मऊ, बोट उचललं की परत वर येते. याची कडक, चपलेच्या तळव्यासारखी. डब्ब्याच्या क्लिपा लागल्या, वरून सगळं बरोबर दिसत होतं. दोन अडीच महिन्यांनी उघडलं तर फिल्टरच्या स्वच्छ बाजूला एका कोपऱ्यातून धुळीची बारीक रेघ निघालेली, मुंग्यांची रांग जाते ना तशी, थेट पाईपाच्या तोंडापर्यंत. आणि ही धूळ बोटात चोळली तर करकर करत होती. म्हणजे वाळू. राखेपेक्षा वाईट. हीच टर्बोची पाती खाते, हीच पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. बिनफिल्टरची हवा आत जायला फाटका कागद लागत नाही, एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट पुरते. हे इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला साडेबाराशे लिटर हवा घेते, टर्बोचा दाब तर मी धरलाच नाही.

मग सप्टेंबरात ओरिजिनल टाकला, चालू आहे. बॉश, प्युरोलेटर, मान, एलोफिक यांचे पण कागदी मिळतात, त्यातला कुठलाही पाहा, पण दुकानातच कड दाबून पाहा, घड्या सरळ आणि सारख्या आहेत का पाहा, आणि ओरिजिनलच्या नावाने डुप्लिकेट पण फिरतात तर पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका.

एक सवय अजून मोडली. आपल्याकडे कुठेही गाडी धुवायला दिली की पोट्टे न विचारता फिल्टर काढून कंप्रेसरने हवा मारतात, आपल्याला पण वाटते वा काय सेवा आहे. तेवढ्या दाबाने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. आणि दुसरं, हे मला पण नवीन होतं, थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो, कारण बसलेली धूळच जाळी बनते. फक्त हवेला अडथळा वाढत जातो. आपल्या कूलरच्या गवतासारखं नाही की दर सीझनला झटकलं की बरं. सारखा उघडला की प्रत्येक वेळी थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते. मी आता मधे एकदाच उघडतो, हळूच उलटा आपटतो, डब्बा ओल्या फडक्याने पुसतो, बस. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यासाठी लवकर बदला असं लिहिलेलंच असतं, मी १० हजार धरलेत आणि एक उन्हाळा संपल्यावर किमी न पाहता नवीन. वर्षाचे दोन फिल्टर, आठशे रुपये.

मागच्या आठवड्यात ८ हजारला उघडला. घड्यांत राख भरलेली, दोन ठिकाणी रुईचे पुंजके, एक वाळलेलं पान. मागचा पाईप नवीन कापडाने पुसला, कापड पांढरंच निघालं. टर्बोची शिट्टी मात्र गेली, तिची थोडी आठवण येते, खोटं काय बोलू.

साळ्याचा कापडी अजून मजेत चालू आहे हेही सांगतो. त्याच्या पेट्रोल गाडीत तो हवा मोजणारा सेन्सर नाही, दाबाचा आहे, तो हवेच्या वाटेत तसा उघडा पडलेला नसतो, आणि त्याची गाडी महिन्यातून दोनदा समृद्धीवर निघते, बाकी वेळ सोसायटीत झाकून उभी. त्याला काय धूळ माहीत. पाईप पुसून पाहा म्हटलं तर अजून पाहिला नाही. माझा फिल्टर मागत होता, पण त्याच्या डब्ब्यात तो बसत नाही, म्हणून किट तरी द्या म्हणाला. धुण्याचं लिक्विड देऊन टाकलं. तेलाची बाटली बाबांनी ठेवून घेतली, गेटच्या बिजागऱ्यांना लावून राहिले आहेत.